इतक्याला घ्याल का?

रविवार, ऑक्टोबरअखेर

दादा,

फोन तू उचलत नाहीस. पण पाकीट दिसलं की फोडल्याशिवाय तुला राहवत नाही. लहानपणी शेजाऱ्यांची आलेलीसुद्धा फोडायचास. म्हणून लिहिते आहे. काही मागायचं नाही. अप्पा बरे आहेत. दुकान अर्धा दिवस उघडं असतं, गिऱ्हाईक आलं तर आलं.

बातमी अशी की मला नोकरी लागली. हसायचं तर हस. थंडी संपेपर्यंतचीच आहे, पण गळ्यात ओळखपत्र आहे आणि त्यावर फोटो, ज्यात मी पाकीटमार दिसते. काम म्हणजे दारोदार जायचं, बेल वाजवायची आणि विचारायचं: फ्लूची लस घेतलीत का? नाही, तर का नाही? विकत घ्यावी लागली तर घ्याल का? इतक्याला घ्याल? हो म्हणाले की भाव चढवायचा, नाही म्हणाले की उतरवायचा. एका आरोग्य संस्थेला जाणून घ्यायचंय की लोक या तापाला किती भितात आणि तो टाळायला खिशात किती खोल हात घालतात.

आमची सुपरवायझर म्हणजे अगदी पोरगी. पहिल्या दिवशी म्हणाली, "मावशी, तुम्ही फक्त विचारायचं. पटवायचं नाही." मी म्हटलं, "अगं, मी गादीवाल्याची मुलगी. समोर माणूस दिसलं की माझं तोंड आपोआप सुरू होतं." तिला वाटलं मी थट्टा करतेय.

आपलीच गल्ली माझ्या वाट्याला आली. आपण ज्याला 'कुरकुर' म्हणायचो तो सलूनवाला अजून आहे. आता त्याच्याच डोक्यावर केस उरले नाहीत. मी पहिला आकडा सांगितला तर वस्तरा न थांबवता म्हणाला, "शेवटचं बोल."

"काका, मी विकत नाहीये. नुसतं विचारतेय."

"विकत नाहीस तर भाव कशाला सांगतेस?"

मी खालचा आकडा सांगितला. "अजून?" अजून खालचा सांगितला. करता करता फुकटावर आलो, तेव्हा खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या साबणातून म्हणालं, "फुकट? मग तिच्यात काय दम असणार!"

बेकरीवाल्या काकू म्हणाल्या, "मला नको. माझ्या नातवाच्या नावानं लिही." मी भाव चढवत गेले, त्या हो हो म्हणत गेल्या. शेवटी आकडे संपले आणि मीच थांबले. "आणि तुमच्यासाठी?" तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?" दर दुसऱ्या घरात हेच, दादा. दुसऱ्यासाठी माणूस कितीही द्यायला तयार असतो, स्वतःचं आलं की सर्दीपडसं, त्याला कसली सुई. कोपऱ्यावरचे पेन्शनवाले आजोबा मात्र दरवर्षी घेतात. मला बाहेर व्हरांड्यात नेऊन हळूच म्हणाले, "हिला कळू देऊ नका. म्हणेल, एकटेच घेऊन आलात."

बरं, मला तुला एक विचारायचं आहे. आपल्याला सगळ्यांना एकदम ताप आला होता तो आठवडा तुला आठवतो का? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. नुसतं आठवून बघ.

तुझी,
ठमी

(तू ठेवलेलं नाव. आता या नावानं कोणी हाक मारत नाही.)


नोव्हेंबर, पहिला गारठा पडला त्या दिवशी

दादा,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे फोडलंस.

परवा वरच्या मजल्यावर गेले होते, गाण्याच्या मावशींकडे. शिकवणी बंद झाली, आवाज बसला. मान तेवढी अजून तालात हलते. लसीचं वाक्य मी पुरतं उच्चारलंसुद्धा नव्हतं. "घेणार," म्हणाल्या. मी म्हटलं, "मावशी, भाव तरी ऐका." तर म्हणाल्या, "कशाला ऐकू? मी आजारी पडले तर मला पाणी द्यायला मलाच उठावं लागतं. आजारी पडणं मला परवडत नाही, बाळ. सुई परवडते."

आणि मग त्यांनीच त्या आठवड्याचा विषय काढला. म्हणाल्या, "तुम्ही सगळे खाली आडवे झालेले आणि मी वरून दोरीला डबा बांधून सोडायची, आठवतं का गं?" मला तर काल घडल्यासारखं आठवतं. खिडकीत तो किटलीसारखा डबा लोंबत यायचा, भाज्यांचं गरम सूप, झाकणावर टॉवेल बांधलेला. तू काठीनं ओढून घ्यायचास. एकदा डबा तुझ्या डोक्यावर आपटला आणि टेंगूळ तापामुळे आलं की डब्यामुळे यावर आईचं नि अप्पांचं भांडण झालं.

आधी तू पडलास, मग मी, मग आई. अप्पांनी दुकानातल्या सगळ्या गाद्या घरात आणल्या आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरल्या. जमीन म्हणून दिसत नव्हती. कुणाच्या तरी लग्नाची म्हणून शिवलेली ती निळी रजईही त्यांनी आपल्यावर टाकली. आई तापातही ओरडली, "अहो, गिऱ्हाइकाची आहे!" अप्पा म्हणाले, "असू दे. पुन्हा पिंजून नवी खोळ घालून देतो. नवरानवरीला आपला ताप कशाला?" मग त्यांना स्वतःलाच हुडहुडी भरली आणि तेही आपल्या मधोमध येऊन झोपले. दुकानाला कुलूप. अप्पांच्या दुकानाला आठवड्याच्या मधल्या दिवशी कुलूप मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तू रद्दीतले जुने पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचास. अप्पा गिऱ्हाइकांच्या नकला करायचे. ती जाडी बाई, जी प्रत्येक गादीवर आडवी होऊन बघायची आणि एकदा खरंच घोरायला लागली, तिची नक्कल करताना अप्पांना हसण्यानं खोकल्याची ढास लागली. मला वाटतं, अप्पांना पोट धरून हसताना मी त्याच आठवड्यात पाहिलंय. आणि शेवटी तुझा ताप उतरला तर तू थर्मामीटर चहाच्या कपात बुडवलास, शाळेत जायला नको म्हणून. अप्पांनी बघितलं होतं, दादा. मला डोळा घातला आणि पारा उजेडात धरून गंभीर तोंडानं म्हणाले, "अरे बापरे, याला अजून आहे. उद्याही दुकान बंद ठेवावं लागणार."

घरी येऊन मी हे सगळं अप्पांना सांगत होते, तर ते स्टुलावर ताठ बसले. "मलाही विचार. मी काय या गल्लीत राहत नाही?" मी ओळखपत्र गळ्यात घातलं, अहो-जाहो सुरू केलं. लस घेतलीत? नाही. इतक्याला घ्याल? "म्हणजे एका उशीचा कापूस," ते म्हणाले. "नाही." मी भाव उतरवत फुकटापर्यंत आले. तरी नाही.

"कारण काय लिहू, साहेब?"

ते गुडघ्यावरचा कापसाचा तंतू निवडत बसले. मग म्हणाले, "लिहा बाई, की या माणसाच्या घरात एकदाच सगळी माणसं एका वेळी एका खोलीत होती. ती तापानंच आणली होती. तो ताप येऊ नये म्हणून पैसे द्यायचे?"

आमच्याकडे कारणांचे चौकोन आहेत: महाग वाटते, सुईची भीती, उपयोग होत नाही, वेळ नाही. यातल्या कुठल्या चौकोनात हे बसतं, तूच सांग. मी 'इतर'वर खूण केली.

ठमी


डिसेंबर

दादा,

मी सुई घेतली. आम्हा फिरणाऱ्यांना संस्थेनं दिली. दंड दिवसभर दुखला, दुसऱ्या दिवशी विसरूनही गेले. कुरकुर रोज विचारतो, "आला का ताप? सुईनंच येतो म्हणतात." नाही आला म्हटल्यावर त्याचा हिरमोड होतो.

अप्पांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं, खोकल्यासाठी. त्यांनी छाती ऐकली, पुन्हा ऐकली आणि मला म्हणाल्या, "जन्मभर कापसाची धूळ गेलीय आत. या छातीला साधी सर्दीही जड जाते. फ्लू यांना झेपायचा नाही. लस आजच देते." अप्पांनी बाही वर करायच्या ऐवजी कोट चढवला.

मी म्हटलं, "अहो, आयुष्यभर हातभर लांब दाभण चालवलंत, आणि एवढ्याशा सुईला भिता?"

"दाभण मी गादीला टोचतो. गादी बोलत नाही म्हणून तिला विचारत नाही. मला विचारताय, तर मी नाही म्हणतो."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण आम्ही निघताना मला म्हणाल्या, "समजावा त्यांना." समजावते आहे. तुला माहीत आहे ते समजावणं म्हणजे काय असतं. तू तुझ्या कंपनीच्या फोमचा तुकडा घेऊन आला होतास, "अप्पा, नुसतं दाबून तर बघा, कापूस संपला आता, मी कंपनीशी बोलतो, आपण एजन्सी घेऊ," असं कळवळून सांगत होतास, आणि त्यांनी तो तुकडा दुकानाच्या दारात पायपुसणं म्हणून टाकला. तुझ्यासमोर त्याच्यावर पाय पुसले. तू त्यानंतर जो गेलास तो आई गेली तेव्हा आलास, आणि त्यांच्याशी एक शब्द न बोलता संध्याकाळच्या गाडीनं परतलास. मी तुला दोष देत नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही गेले असते. एवढंच सांगते की तो तुकडा झिजून गेला तरी अप्पांनी तो टाकू दिला नव्हता. मी नवीन पायपुसणं आणलं तर ओरडले माझ्यावर. याचा अर्थ काय लावायचा तो तू लाव, मला लावता आलेला नाही.

गल्लीत खोकला सुरू झाला आहे. बेकरीचा पोऱ्या आजारी, सलून दोन दिवस बंद. अप्पांनाही जरा कणकण आहे. काळजीचं काही नाही.

ठमी


(कुरियरने)

दादा,

वहिनीला फोन केला आहे, ती सांगेलच. पण ती घाईत काय सांगेल आणि तू काय ऐकशील याचा भरवसा नाही, म्हणून हेही पाठवते.

कणकण नव्हती. मागचं पत्र लिहिलं तेव्हाच ताप चांगला चढलेला होता आणि मला वाटलं उतरेल. फ्लूच आहे. छातीत उतरला. आम्ही त्यांना दवाखान्यात आणलं आहे, नाकाला ऑक्सिजन लावला आहे. डॉक्टर म्हणतात, वय आहे, छाती जुनी आहे, बघू. 'बघू' हा शब्द मला फार वाईट वाटतो.

वेगळ्या खोलीत ठेवलं आहे. मला आत बसू देत नाहीत. तोंडावर मास्क लावून सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ, बाकी दाराला काच आहे तिथून बघायचं. ते काचेकडे बघत असतात. मी हात हलवते. ते हलवत नाहीत, त्यांना तो खर्च वाटतो बहुतेक.

काल मी आत गेले तेव्हा अप्पा आपला मास्क बाजूला सारून म्हणाले, "ठमे, हा तो ताप नव्हे गं." ठमी म्हणाले, दादा. तुझं नाव वापरलं. "तो ताप घरातला होता. तो माणसं जवळ आणायचा. हा कुणाला फिरकू देत नाही."

तू ये, असं मी म्हणत नाही. काच सगळ्यांसाठी उघडी आहे, एवढं सांगते.


फेब्रुवारी

दादा,

तू येऊन गेल्याला बरेच दिवस झाले आणि घर अजून तुझ्या पायताणांचा आवाज ऐकतंय असं वाटतं. अप्पा उशीला टेकून बसतात, जिना अजून चढवत नाही. वजन गेलं, आवाज मात्र परत आला आणि तो आल्याबरोबर तक्रारीही आल्या.

तू आत गेलास तेव्हा मी काचेबाहेर होते. तुम्हा दोघांच्या तोंडाला मास्क, मला काही ऐकू येत नव्हतं. तू खाटेशी नुसता उभा होतास, हात कोटाच्या खिशात, आणि मला वाटलं, संपलं, हाही आता संध्याकाळच्या गाडीनं जाणार. मग तू वाकलास आणि गादीचा कोपरा उचलून खाली काहीतरी बघायला लागलास. मला काही उमजेना. पुढच्या क्षणी अप्पा असे हलायला लागले की मी नर्सला हाका मारायला धावले. ती आत गेली आणि तुम्हा दोघांना रागावली, एवढं मला दिसलं.

त्याचा खुलासा आता मला दिवसातून अनेकदा ऐकायला मिळतो, कारण जो भेटायला येतो त्याला अप्पा सांगतात. बेकरीवाल्या काकू, कुरकुर, डॉक्टरीणबाई, कुणी सुटलं नाही. सांगतात असं: "मुलगा आला. इतक्या वर्षांनी आला. काय बोलायचं बापानं? मी म्हटलं, ही गादी पाठीला दगडासारखी लागते. फोमची आहे. तुमचीच का? तर त्यानं काय करावं? वाकून शिक्का बघितला आणि म्हणाला, नाही अप्पा. आमची इतकी वाईट नसते." इथे अप्पांना हसू येतं, मग खोकला, मग मी पाणी देते. "मी म्हटलं, किती वाईट असते तुमची? तो म्हणाला, तुमच्या पायपुसण्यापेक्षा बरी." कुरकुरनं विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? अप्पा म्हणाले, "मी काय म्हणणार? मी म्हटलं, पायपुसणं चांगलं होतं. पुष्कळ टिकलं."

दादा, तू खरंच असं म्हणालास की यात अप्पांनी मीठमसाला घातला आहे, हे मला कळवू नकोस. मला हीच गोष्ट हवी आहे.

माझी नोकरी संपली. शेवटच्या दिवशी सुपरवायझरनं मला सगळे कागद एकदा चाळायला दिले. ती म्हणाली, "मावशी, तुमच्या गल्लीत 'इतर' फार आहेत." मी म्हटलं, "गल्लीच तशी आहे."

ठमी


ऑक्टोबर, पुन्हा

दादा,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून कोंबडीनं खरडल्यासारखंच आहे. अप्पांना वाचून दाखवलं. तू येतोस, वहिनी आणि पोरंही येतात, आणि चांगले आठवडाभर राहता, हे वाचलं तेव्हा त्यांनी ते वाक्य परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "कोटाला ब्रश मार. उद्या बाहेर जायचंय."

मला वाटलं सलूनला. तर गेलो डॉक्टरीणबाईंकडे. बाकावर माणसं बसलेली होती. अप्पा आत गेल्या गेल्या बाही वर करून उभे राहिले. बाई म्हणाल्या, "अहो, नंबर तरी येऊ द्या." नंबर आला, सुई झाली, डोळे मिटून घेतले पण हूं केलं नाही. बाहेर येऊन पाकीट काढलं आणि मोजून पैसे दिले. मी म्हटलं, "अप्पा, एका उशीचा कापूस गेला." म्हणाले, "जाऊ दे. उशा पुष्कळ आहेत घरात."

आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. गेला आठवडाभर ते दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवतात. "घेतलीस का? का नाही?" अगदी मी विचारायचे तसं. फरक इतकाच की मला पटवायची परवानगी नव्हती. कुरकुरनं शेवटचा भाव विचारला तर म्हणाले, "दवाखान्यात मला जो पडला तो सांगू? बस खाली." कुरकुर काल घेऊन आला. दंड धरून फिरतोय जणू गोळी लागली. म्हणतो, मला ताप आलाच तर तुमच्या दारात येऊन झोपीन. अप्पा म्हणाले, झोप, गाद्या भरपूर आहेत.

आता तुझ्याबद्दल. अप्पांनी फर्मान काढलं आहे आणि ते तुला जसंच्या तसं कळवायला सांगितलं आहे. त्यांचं म्हणणं, गाडीत शंभर माणसं शिंकतात. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी सुई घेतली पाहिजे, पोरांनी आणि वहिनीनंसुद्धा, आणि लागू पडायला पंधरा दिवस जातात असं डॉक्टरीणबाई म्हणतात, तेव्हा ते पंधरा दिवस उलटलेले असले पाहिजेत. नसले तर ते तुला दारातून आत घेणार नाहीत. बाहेर पायरीवर बसवून चहा देतील. "लिही तसं," म्हणाले, "आणि खाली माझी सही घे." सही त्यांनी केली आहे, बघ.

म्हणून, दादा, लवकर घे. महाग असली तरी घे.

आणि घ्यायची राहिली, दिवस भरले नाहीत, विसरलास, तरी ये. अप्पा ओरडतील. ओरडू देत. दार मी उघडेन.

तुझी,
ठमी